रूबीने ऐकलं नाही

हे मी लिहीत नाहीये, बोलतेय. मोबाइलसमोर बसून मी बडबडते आणि तो टाइप करतो. मग वाचूनही दाखवतो, एका अशा बाईच्या आवाजात जिला 'लालबाग' धड म्हणता येत नाही. चुका दिसल्या तर तिच्या नावावर घाला.

माझं नाव सुलभा. लालबागला चाळीत राहते, गाव मालवणकडचं. हिंदमाताला एका मॅचिंग सेंटरमध्ये माझी उमर गेली. बायका साडी घेऊन येतात, तिला जुळणारं ब्लाऊजपीस आणि अस्तर मागतात, ते दुकान. साडी काउंटरवर पडायच्या आत माझा हात बरोबर त्या रंगाच्या कापडाच्या थानावर गेलेला असायचा. रामा ग्रीन आणि मोरपंखी यांतला फरक मी ट्यूबलाइटमध्येसुद्धा सांगायचे. आमचे शेठ म्हणायचे, हिचे डोळे दुकानाचे आहेत, घरी नेताना सांभाळून न्या.

आता मला दिसत नाही. उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. तुमच्यापैकी ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय आणि जे हे कुणाकडून तरी वाचून घेताहेत, त्यांच्यासाठी मी बोलतेय. औषधांची नावं सांगत नाही, ती तुमचे डॉक्टर सांगतील. माझं काय झालं ते सांगते, आणि एका कुत्रीबद्दल सांगते. तिच्यासारखं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिला तर मी पाहिलंही नाही.

मशीन बंद पडलंय

सुरुवातीला मला वाटायचं, मुंबईची माणसं बिघडलीत. जो तो अंगावर येतो. दुकानात गिऱ्हाइकांचे धक्के, फुटपाथवर धक्के, घरात कपाटाचं दार कपाळाला. मीच लोकांना ओरडायचे, "डोळे फुटले काय?" आता आठवलं की हसू येतं. तेव्हा एक दिवस शेठच म्हणाले, "सुलभाताई, बाजूचं थान तुम्हाला दिसत नाही का? तिसऱ्यांदा शोधताय."

म्हणून परळच्या एका हॉस्पिटलात गेले. तिथे एक तपासणी करतात. एका डोळ्यावर पट्टी बांधतात आणि हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यात बघायला लावतात. आत बारीक बारीक दिवे लुकलुकतात. दिसला दिवा की हातातलं बटण दाबायचं. मी अगदी शर्यतीला बसल्यासारखी बसले. दोन-चार दिवे दिसले, टकाटक दाबले. मग काहीच येईना. मी वाट बघितली आणि शेवटी त्या मुलीला सांगितलं, "अगो, तुझं मशीन बंद पडलंय."

ती म्हणाली, "चालू आहे, काकू. तुम्ही समोर बघत राहा."

"समोरच बघतेय. कसलं चालू?"

ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं हा माझा निकाल होता, पण मला तो कळला नाही. मी बाहेर येऊन ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं की सरकारी-खाजगी सगळीकडे मशीनं सारखीच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर दोन गोल दाखवले, कडेकडेने काळे झालेले. काचबिंदू, म्हणाल्या. काळं झालंय तिथलं तुम्हाला दिसत नाही. मी म्हटलं, मला कुठे काळं दिसत नाही. तेव्हा त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काळं दिसत नाहीच. नाही दिसत तेच कळत नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात." गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. आणि तुमच्या भावाबहिणींना तपासायला पाठवा, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तेवढं मी तुम्हालाही सांगते, बाकी विसरलात तरी चालेल.

ह्यांनी तिथून बाहेर पडताना माझं मनगट धरलं. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. तेव्हा बरं वाटलं.

डाळ उजवीकडे

मग थेंब, ऑपरेशन, पुन्हा थेंब, दुसरं ऑपरेशन. वॉर्डमध्ये सगळ्या बाया एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या. उठताना एकमेकींवर आपटायचो. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई कुर्ल्याची होती. आपल्याला काय झालंय हे ती सगळ्यांना हसत सांगायची, आणि नर्स गेली की उशीत तोंड घालून रडायची. मी तिच्या पाठीवर हात ठेवायचे. माझं रडणं मी घरासाठी राखून ठेवलं होतं.

तिथे एक मावशी जेवण वाढायच्या. त्या ताट ठेवताना न चुकता सांगायच्या, "डाळ उजवीकडे, भाजी डावीकडे, भात मध्ये, पाणी तुमच्या करंगळीपाशी." त्यांना हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. मला तोवर वाटत होतं की आंधळ्याला भरवतात. भरवावं लागत नाही, सांगावं लागतं, हे त्या ताटावर मला पहिल्यांदा समजलं.

एवढं सगळं करूनही नजर गेली. कुणाची चूक नव्हती, उशीर झाला होता. रंग आधी मळले. लाल आणि मरून एक झाले, मग सगळे राखेसारखे. एके दिवशी शेठना फोन करून सांगितलं की मी येत नाही. ते म्हणाले, "तुमचं स्टूल तिथंच आहे." मी फोन ठेवला आणि मग मनसोक्त रडले.

रिकामी गॅलरी

आमच्या चाळीतली माणसं जिवाला जीव देणारी आहेत. फक्त तो द्यायच्या आधी विचारत नाहीत.

आमच्या मजल्यावर लांब गॅलरी आहे. एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला संडास, आणि मध्ये जिना. नजर गेली तरी गॅलरीत मी एकटी फिरायचे. मालतीवहिनींच्या पाण्याच्या पिंपाला हात लागला की त्यांचं दार. तुळशीच्या डब्याचा वास आला की पुढची खोली. चपलांच्या ढिगाला पाय लागला की जिना आला, डावीकडे सरकायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं.

गणपतीच्या आधी मजल्यावरच्या लोकांनी ठरवलं की सुलभावहिनींच्या वाटेत काही नको. मी भावाकडे गेले होते तेवढ्यात पिंप आत, तुळस खिडकीत, चपला ज्याच्या त्याच्या घरात. गॅलरी धुऊन स्वच्छ. मी परत आले आणि नेहमीसारखी निघाले. हाताला काही लागेना. चालतेय, चालतेय, कुणाच्या दारात आहे ते समजेना. आपल्याच गॅलरीत मी हरवले. मग पुढचं पाऊल टाकलं ते हवेत.

जिना होता. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. गुडघा सोलवटला आणि मी पायरीवरच बसले. सगळी चाळ गोळा झाली. "एवढं मोकळं करून ठेवलं होतं तरी कसं काय?" असं प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता. हे माझ्या शेजारी बसून माझं मनगट दाबत होते, इतकं की दुसऱ्या दिवशी ते दुखत होतं.

बाहेरची कडी

ह्यांची नोकरी रे रोडला, लाकडाच्या वखारीत. मी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन निघाले, आणि मला कडीचा आवाज आला. बाहेरून.

मी दार ओढलं. उघडेना. हाका मारल्या. मालतीवहिनी धावत आल्या आणि दारापलीकडून म्हणाल्या, "वहिनी, भावजी सांगून गेलेत. तुम्हाला काय हवं ते मला सांगा, मी देते ना आणून."

"मला दार उघडून हवंय."

"ते सोडून सांगा."

माझा स्वभाव मुळात तिखट. मी स्वयंपाकघरातून चाचपडत लाटणं आणलं आणि दारावर बडवायला सुरुवात केली. इतकी बडवली की खालच्या मजल्यावरून लोक वर आले. शेवटी वहिनींनी कडी काढली आणि त्याच रडायला लागल्या. मला त्यांचा राग येत नव्हता, तेच वाईट होतं. शत्रूने कोंडलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

संध्याकाळी हे आले. मी म्हटलं, "मी काय कोंबडी आहे डालग्याखाली झाकायला?" बरंच काही बोलले. ते ऐकत राहिले. आमच्या घरात राग मराठीत आणि मनातलं मालवणीत निघतं. शेवटी म्हणाले, "माका भ्या वाटता गो." बस, एवढंच.

मग तडजोड झाली. त्यांनी कडी लावायची नाही, आणि मी त्यांचा हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. कडी पुन्हा लागली नाही. पण रोज ते निघाले की ती वाजते का, याकडे माझा कान असायचा. माझं स्टूल हिंदमाताला रिकामं होतं, आणि माझ्या घरापासून ते दुकान सरळ रस्त्यावर आहे. तिथवर एकटीने जाणं ही एकच गोष्ट मला हवी होती. तीच मी घरात बोलू शकत नव्हते.

काठी नको

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी दादरच्या एका संस्थेचं नाव दिलं होतं. तिथे दृष्टी गेलेल्यांना मोबाइल बोलता करून देतात, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुठल्या दारी जायचं ते सांगतात, आणि चालायला शिकवतात. चालायला काय शिकायचं, असं मला वाटलं होतं. हे मला मनगट धरून घेऊन गेले.

जाधव मॅडम चालायला शिकवतात. त्यांनी आधी गॅलरीची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "पूर्वी गॅलरी कशी ओळखायचात?" मी सांगत गेले, पिंप, तुळस, चपला. सांगता सांगता माझीच जीभ थबकली.

"मग ते सगळं परत ठेवायला सांगा," त्या म्हणाल्या. "वाटेतल्या वस्तू म्हणजे तुमच्या पाट्या आहेत. लोकांनी पाट्या काढून टाकल्या."

पिंप परत आलं. मालतीवहिनी म्हणत राहिल्या, "आम्ही तर तुमच्यासाठीच केलं होतं हो." मी म्हटलं, ठाऊक आहे, आता माझ्यासाठीच पसारा करा.

पण काठीचा विषय निघाला की मी हटून बसायचे. पांढरी काठी घेऊन लालबागच्या बाजारातून जायचं? जिथे प्रत्येक दुकानदार मला ओळखतो? मला कुत्रा हवा होता. भाचीने मोबाइलवर ऐकवलं होतं, परदेशात आंधळ्यांना कुत्रे नेतात. कुत्र्याला रुबाब असतो. काठी बघून लोक कीव करतात, कुत्रा बघून बाजूला होतात. शिवाय कुत्रा नेईल तिकडे जायचं, डोक्याला ताप नाही.

जाधव मॅडम हसल्या. "आपल्याकडे असे कुत्रे बोटांवर मोजण्याइतके. रस्ते असे, वर भटकी कुत्री. मिळालाच तरी आधी काठी शिकावी लागते." मला वाटलं, संस्थेकडे नाही म्हणून मॅडम कारणं देताहेत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

कामावर आहे

शर्वरी ही मॅडमची जुनी विद्यार्थिनी. गिरगावची. लहानपणीच दृष्टी गेली, पुढे शिकायला परदेशी गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिथे तिला कुत्री मिळाली. सुट्टीत आईकडे आली होती, तेव्हा संस्थेत आली.

आम्ही सगळे गोल करून बसलो होतो. मी खुर्चीवर बसताना माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं कुणाची तरी पिशवी. पिशवीने पाय आत घेतला.

"ती रूबी," शर्वरी म्हणाली. "पण आत्ता हात लावू नका हं. कामावर आहे."

मला ते ऐकून कसंसंच झालं. जन्मभर मी ब्लाऊजचं रुबिया कापड विकलं आणि आता घरी बसले होते, आणि ही रूबी कामावर होती. तासभर ती भुंकली नाही, हलली नाही. एवढं मोठं जनावर, फक्त श्वास ऐकू येत होता. कुणाच्या डब्यात बांगडा होता. वास आम्हा सगळ्यांना लागला, तिला लागला नसेल का? तरी नाही.

मी तिथल्या तिथे शर्वरीला घावने खायला घरी बोलावलं. खरं तर कुत्रीलाच बोलावलं.

थांबली

दादरहून आम्हा तिघांना आणि रूबीला घेऊन आलेली टॅक्सी लालबागच्या बाजाराशी थांबली. शर्वरीच्या डाव्या हाताला रूबी, उजव्या कोपराला मी. हे सवयीने माझं मनगट धरायला आले तर शर्वरी म्हणाली, "काका, आज तुम्ही मागून याल?" हे मागे राहिले. माझं मनगट मोकळं होतं आणि मला ते थंड थंड वाटत होतं.

"हं, काकू, कसं जायचं?" शर्वरीने विचारलं.

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? रूबी नेईल ना."

"ती कशी नेईल? ती लालबागला पहिल्यांदा आलीय. कुठे जायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. वाटेत काय आहे तेवढं ती बघते."

मी उभीच राहिले. इतके दिवस माझ्या डोक्यात भलतंच होतं. मॅडम खरं सांगत होत्या. मग मी नाक वर केलं. तळणाचा वास आला, म्हणजे चिवड्याची दुकानं डावीकडे. म्हटलं, सरळ. पुढे मिरची कांडायचा आवाज आणि ठसका आला. रूबीलाही शिंक आली, आणि मला ती एकदम आपल्यातली वाटली. म्हटलं, इथून उजवीकडे. मी सांगत होते, शर्वरी हुकूम देत होती आणि रूबी माणसांतून, हातगाड्यांतून अशी वळत होती की एकाचाही धक्का लागला नाही. माझ्या लालबागात, माझ्या बाजारात, मी कितीतरी दिवसांनी भराभर चालत होते. कोपराला धरलं होतं तरी वाट माझी होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भटकी कुत्री अंगावर आली. मागे हे त्यांना हाकलायला लागले. शर्वरीच्या हातातला पट्टा थरथरतोय हे मला तिच्या कोपरातून समजत होतं. रूबी घाबरली होती. तरी ती भुंकली नाही आणि चालत राहिली.

आणि मग ती थांबली.

"फॉरवर्ड," शर्वरी म्हणाली. रूबी जागची हलेना. शर्वरी पुन्हा म्हणाली. रूबी वळून आमच्या दोघींच्या पायांसमोर आडवी उभी राहिली.

मी वैतागले. "अगो चल ना. सरळच आहे, माझी रोजची वाट आहे. काही नाही इथे."

शर्वरीने खिशातून घडीची काठी काढली, उलगडली, आणि पुढे टेकवली. ती टेकलीच नाही. खाली, खोल कुठेतरी मातीवर लागली. त्याच वेळी मागून हे ओरडले, "थांबा, थांबा, खणून ठेवल्यान हा!" सकाळी नव्हता तो चर दुपारी कामगार खणून, कठडा न लावताच गेले होते. हे कुत्र्यांकडे बघत होते. मला वाटेची खात्री होती. डोळस माणसाला उशीर झाला होता आणि वाट पाठ असलेली बाई चुकली होती.

मी शर्वरीला विचारलं, "हिला आपलं ऐकायला शिकवलंय ना?"

"ऐकायला सगळ्याच कुत्र्यांना शिकवतात, काकू. हिला कधी ऐकायचं नाही ते शिकवलंय. तेच सगळ्यात कठीण."

माझ्या अंगावर काटा आला. जी शर्वरीच्या हातचं खाते, तिच्या शब्दावर चालते, ती भर रस्त्यात मालकिणीला नाही म्हणून उभी राहते, आणि रागावली तरी हटत नाही. हे कुणी घडवलं, किती जणांनी किती धीराने घडवलं असेल? आणि त्या मुक्या जिवाला कसं समजतं की आत्ता नाही म्हणायचंय? मी देवळात जाते, पण इतकं थक्क मी देवापुढेही कधी झाले नव्हते. लालबागच्या गल्लीत, चराच्या काठावर, मी उभ्या उभ्या रडले. आणि मग रूबीने आम्हाला चराच्या कडेने वळसा घालून पलीकडे नेलं.

घावने आणि गाऱ्हाणं

घरी आल्यावर शर्वरीने रूबीचा पट्टा काढला. म्हणाली, आता तिची सुट्टी, आता लाड करा. सगळा मजला तिच्यावर तुटून पडला. मालतीवहिनींनी तिला कुंकू लावलं. मी स्टोव्हपाशी बसले, तवा तापवला. आंबोळ्या-घावने करायला मला डोळे लागत नाहीत, पिठाच्या 'चर्र' वरून समजतं. एक घावन काढलं, दुसऱ्यासाठी हात मागे नेला, तर पिठाच्या भांड्यात लपालप आवाज.

कुणाला हसायची हिंमत होईना. शेवटी मीच म्हटलं, "बघा बाई, खरं झालं शेवटी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय." तेव्हा जी काय हसाहशी झाली. शर्वरी इतकी हसली की तिला उचकी लागली. नजर गेल्यापासून आमच्या खोलीत 'आंधळं' या शब्दाला कुणी असं मोकळेपणी शिवलं नव्हतं. दिवसभर नियमात राहिलेली ती बया सुट्टी मिळताच चोर निघाली, याचा मला फार आनंद झाला.

आमच्यात पाहुण्यासाठी, नव्या कामासाठी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान ह्यांचा. मजल्यावरची तात्या-भाऊ मंडळी म्हणाली, रूबीसाठी घाल रे. ह्यांनी नारळ ठेवला आणि घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, आज आमच्या घराक ही मुकी बाय पावणी इली हा. तिका बोलूक येणा नाय, पण जा आसा ता खरा सांगता. तिच्या वाटेत काय वायट-वंगाळ आसात, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तशीच आमची सुलभा. तिच्या वाटेत दगड-धोंडो, खड्डो, गाडी-घोडो काय येयत, ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग हे थांबले. मला वाटलं संपलं. पण आवाज पुन्हा आला. "ही बाय खड्ड्यापाशी थांबवता. मी दारातच थांबवलंय. हिच्या वाटेत मीच आडवो इलेलो आसलंय, तर माकाय बाजूक कर रे म्हाराजा."

ते मागणं हवेत तसंच राहिलं. मग मालतीवहिनी एकट्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." आणि मागून सगळे म्हणाले.

हिंदमाता

दुसऱ्या दिवशी मी जाधव मॅडमना फोन केला आणि काठी मागितली. त्यांनी चिडवलं नाही, हे त्यांचे उपकार. काठी शिकायला वेळ लागतो. मनगट दुखतं, चिडचिड होते. पहिल्यांदा बाजारातून गेले तेव्हा चिवडेवाला म्हणाला, "काय सुलभाताई, नवीन काय?" म्हटलं, रूबी आहे. त्याला समजलं नाही.

मग ती सकाळ आली. मी डबा भरला. हे दारात उभे होते, हात पुढे येऊन मागे गेला असावा, बांगड्यांना जरासा वारा लागला.

"मी येव काय?"

"नको."

"बरा," म्हणाले. कडी वाजली नाही.

लालबागहून हिंदमाता, सरळ रस्ता. सांगायला सरळ. फुटपाथवर स्कूटर, खोके, अर्धवट लाद्या. परळच्या चौकात मी उभी राहून गाड्यांचा आवाज ऐकत होते, तेवढ्यात एका भल्या माणसाने दंड धरला. "चला मावशी, चला, रोड मोकळा आहे," आणि ओढायलाच लागला. मला तो रस्ता ओलांडायचाच नव्हता. पूर्वी मी गेले असते ओढली. त्या दिवशी पाय घट्ट रोवले आणि उभी राहिले, अगदी आडवी. तो म्हणाला, "अहो घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरत नाहीये, भाऊ. मला सरळ जायचंय. हात सोडा." त्याने सोडला आणि "सॉरी हां" म्हणून गेला. पुढे काठी एका ठिकाणी टेकलीच नाही. तिथेही उभी राहिले. काठीने कड शोधली, वळसा घेतला.

दुकान मला वासाने सापडलं. नव्या कापडाचा, खळीचा वास. शेठ गल्ल्यावरून उठून पुढे आले. माझं स्टूल तिथंच होतं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, मी साडीवर हात फिरवला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हिरवा म्हणजे कुठला गो? कैरीचा की तोंडलीच्या पानाचा?" ती जरा थांबून म्हणाली, "पानाचा." म्हटलं, मग वरून तिसरं थान काढ. गिऱ्हाईक ते घेऊन गेलं.

संध्याकाळी मी एकटीच परत आले. जिना चढले, चपलांना पाय लागला, तुळस, पिंप. दारापाशी आले आणि चौकटीवर हात टेकवला. तिथे कडी असायची. हाताला लागेना. मी बोटं फिरवली. खिळ्यांच्या भोकांत लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकून, घासून, इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की नखालासुद्धा अडकत नव्हत्या. वखारीतलं सागवान असणार. कडीच्या जागेखाली नवं लॅच होतं, आतून हाताने आणि बाहेरून चावीने उघडणारं. मी बोटं तिथेच ठेवून उभी राहिले.

हे आत होते. माझी चाहूल त्यांना लागली होती, पण हात धरायला उठले नाहीत. बसल्या जागेवरून विचारलं, "वाटेत खड्डे गावले?"

"गावले."

"मगे?"

"मगे काय," मी म्हटलं. "थांबलंय. नि इलंय."